चिमटा आणि वहिनीचं कुलूप

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच दिवा आहे. टेबलाच्या कडेला आवळून बसवलेला, लांब मानेचा, भिंगाचा. भिंगाखाली एका लॅपटॉपचं पोट उघडं पडलंय. डाव्या हाताला अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. त्याच्या एकेका खळग्यात चार-चार स्क्रू आणि खळग्यांच्या काठांवर पेन्सिलीची बारीक अक्षरं: 'तळ, मागचे', 'तळ, पुढचे', 'बिजागरी', 'कुठले ते आठवत नाही'. खोली लांबट आणि अरुंद. पूर्वी इथे घरातली अडगळ असायची. वहिनीच्या मते अजूनही आहे, फक्त आता ती जेवायला बाहेर येते.

भिंगामुळे ज्याचा एक डोळा बशीएवढा दिसतोय, तो वाकून बसलेला माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय एकसष्ट. त्याचं खरं नाव आता पेन्शनच्या कागदांपुरतं उरलंय. सगळी गल्ली त्याला चिमटा म्हणते. मी चाळीस वर्षं नाटकात काढली आणि गुडघ्यांनी मला निवृत्त केलं तेव्हापासून, म्हणजे गेली आठ वर्षं, या दोघांकडे राहते. माझी खोली या खोलीच्या बरोब्बर समोर आहे. पहिल्या रांगेतली खुर्ची, आणि रोजचा प्रयोग.

चिमटा हे नाव त्याच्या हत्यारावरून पडलं. कपडे वाळत घालायचा असतो तसाच चिमटा, पण तोंडाला आठ बारीक दात. लॅपटॉपच्या आत नखाएवढी एक काळी चिप असते, तिला आठ पाय. हे आठ दात त्या आठ पायांना धरतात आणि चिमट्याच्या शेपटीतून निघालेल्या तारा माझ्या भावाच्या स्वतःच्या यंत्राला जाऊन मिळतात. त्या चिपमध्ये एक छोटासा प्रोग्राम असतो. बटण दाबलं की यंत्रात सगळ्यात आधी जागा होतो तो हा. उठतो, कळफलकाला, पडद्याला, डिस्कला हाका मारतो, हजेरी घेतो आणि मगच बाकीच्यांना कामाला लावतो.

हे मला समजावताना त्याने माझ्याच धंद्यातला दाखला काढला होता. ''ताई, तुमच्याकडे घंटा देणारा माणूस असायचा ना? तिसरी घंटा त्याने दिलीच नाही तर तू रंग लावून कितीही तयार बसलीस तरी काय उपयोग?''

मला एकदम पटलं. त्या घंटावाल्याला आम्ही भलेभले वचकून असायचो.

''तर यंत्रातला हा घंटावाला कंपनीचा नोकर असतो,'' भाऊ म्हणाला. ''यंत्र तू विकत घेतलंस, पण हा तुझा नाही. त्याच्या डोक्यात काय लिहिलंय ते तू वाचायचं नाही, बदलायचं नाही. उद्या कंपनीने त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं की तो चुकत राहणार आणि तू बघत राहणार. मी काय करतो, त्याला काढतो आणि त्याच्या जागी मोकळा प्रोग्राम घालतो. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला. कुणीही वाचावा, दुरुस्त करावा, दुसऱ्याला द्यावा.''

''मग काय होतं?''

''मग यंत्र तुझं होतं.''

''दिसायला?''

''दिसायला तसंच.''

''चालायला?''

''दोन सेकंद लवकर उघडतं.''

''त्या दोन सेकंदांचं मी या वयात काय करू रे?''

तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी मी डुलकी काढत असताना माझाच लॅपटॉप उचलून नेला आणि संध्याकाळी बदलून आणून ठेवला. खोटं कशाला बोलू, दोन सेकंद खरंच वाचतात. मी त्यात चष्मा शोधते.

हे वेड त्याला कुठून लागलं तेही सांगायला हवं. तो लिफ्टचा मिस्त्री. तीस वर्षं त्याने या शहरातल्या लिफ्ट वर-खाली चालत्या ठेवल्या. जुन्या लिफ्टचा आवाज ऐकून कुठलं चाक कुरकुरतंय ते तो जिन्यावरूनच सांगायचा. मग नव्या लिफ्ट आल्या. त्यांच्या माथ्यावर एक मोहोरबंद पेटी, आणि त्या पेटीला काही विचारायचं तर कंपनीच्या माणसाकडचा सांकेतिक शब्द लागायचा. एके दुपारी एका इमारतीत लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक बाई. हा दहा मिनिटांत हत्यारं घेऊन पोचला. काय बिघडलंय ते त्याला कळत होतं, हात शिवशिवत होते, पण पेटी शब्द मागत होती. कंपनीचा माणूस यायला चार तास लागले. ते चार तास हा फटीला तोंड लावून त्या बाईशी बोलत बसला. ती आतून विचारायची, ''तुम्ही मिस्त्री आहात ना? मग उघडत का नाही?''

त्याच वर्षी त्याने वेळेआधी निवृत्ती घेतली आणि पन्नाशीत, नाकावर चष्मा चढवून, चिप आणि चिमटे शिकायला बसला.

गोष्ट खरी आहे, मी त्या दिवशीचा त्याचा चेहरा पाहिलाय. पण तो ती इतक्या वेळा सांगतो, की आम्हा नाटकवाल्यांनाही इतके प्रयोग झेपले नसते. आणि प्रत्येक प्रयोगात लिफ्टमधली गर्दी वाढते. सुरुवातीला बाई एकटी होती. मग तिच्या कडेवर मूल आलं. गेल्या वर्षी शेजारच्या नर्सला सांगताना त्यात एक कुत्राही चढला. मी मागून म्हटलं, ''अरे, लिफ्टवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते.'' तर म्हणाला, ''ताई, म्हणूनच तर अडकली.''

गल्लीतली निम्मी यंत्रं त्याच्या हाताखालून गेली आहेत. शिंप्याचं, नर्सचं, अकॉर्डियन शिकवणाऱ्या मास्तरांचं. त्यांनी हे मागितलं होतं असं नाही. शिंपी बिजागरी सैल झाली म्हणून आला होता; तो स्वतंत्र होऊन परत गेला. बिजागरी राहिलीच. पण चिमट्याचं काम मात्र काटेकोर. चिपवर नवीन काही लिहिण्याआधी तो जुना प्रोग्राम जसाच्या तसा उतरवून घेतो. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वाचनं अक्षराला अक्षर जुळली तरच पुढे जायचं, कारण चिमट्याचा एखादा दात जरी सैल बसला तरी वाचन चुकतं. आमच्या तालमीत पहिल्या वाचनाला लोक चहा प्यायला यायचे. याची निष्ठा पाहून मला माझ्याच सहकलाकारांची लाज वाटते. तिन्ही जुळली की ती प्रत एका पेनड्राइव्हवर ठेवून, पाकिटावर यंत्राच्या मालकाचं नाव आणि तारीख घालून, तो खणात टाकतो. त्या खणावर चिठ्ठी आहे: 'जुने भाडेकरू'.

''ज्यांना हाकललंस त्यांचे फोटो कशाला जपतोस?'' मी विचारलं होतं.

''नियम म्हणजे नियम,'' तो म्हणाला. ''पण आजवर एकालाही परत बोलावलेलं नाही.''

गल्लीत एकच यंत्र त्याच्या हाती लागलेलं नव्हतं, आणि ते त्याच्याच घरात होतं.

वहिनी शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर ती अंध मुलांच्या शाळेसाठी धडे वाचून ध्वनिमुद्रित करायला लागली. घरात शांत जागा कुठली, तर तिचं कपड्यांचं कपाट. चांगलं आत शिरता येईल एवढं मोठं. दारावर आतून रजई ठोकलेली, दोन्ही बाजूंना कोट आणि स्वेटर लटकलेले, मध्ये इस्त्रीचं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि मायक्रोफोन. तिथे उभी राहून ती वाचते. मी एकदा दाराला कान लावून ऐकलं. नुसत्या आवाजाने ती अख्खी लढाई उभी करते आणि तहाच्या अटी आल्या की मुलांना लिहून घेता येतील इतकी हळू होते. नाटकात चाळीस वर्षं काढूनही मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

लॅपटॉपबद्दल तिचा नियम एका ओळीचा होता: ''माझ्या यंत्राला यांनी हात लावायचा नाही.'' अकरा वर्षं तो नियम टिकला. भावाने अर्ज केले, विनंत्या केल्या, वाढदिवसाला भेट म्हणून ''मी तुझं यंत्र मोकळं करून देतो'' असं कार्ड लिहून दिलं. वहिनीने ते कार्ड पुस्तकात खूण म्हणून वापरलं.

मग त्या आठवड्यात तीन गोष्टी लागोपाठ घडल्या.

मंगळवारी वहिनीने शेवटच्या वर्षाच्या इतिहासाचा एकतिसावा आणि अखेरचा धडा वाचून संपवला, आणि शाळेला पाठवायला बसली तर यंत्राचं वायफायचं कार्ड मेलेलं. बुधवारी तिचा घसा बसला. डॉक्टरांनी आत पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्राला सूज आहे; दहा दिवस एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. घरात एक जुनी पाटी निघाली आणि वहिनी खडूने बोलू लागली. शुक्रवारी तिने लॅपटॉप कोपऱ्यावरच्या दुकानात दिला. तिथे नवं कार्ड बसवलं आणि शनिवारी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर ठेवून मोठ्या आशेने बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: हे कार्ड मान्य नाही. काढून टाका.

यंत्र तिथेच थांबलं. ना पुढे, ना मागे. दुकानदाराला फोन लावला तर तो म्हणाला, या यंत्राला कंपनीने नेमून दिलेलंच कार्ड चालतं आणि ते कंपनी आता बनवत नाही.

वहिनीने ती ओळ दोनदा वाचली. छत्तीस वर्षं तिने वर्गात हुकूम सोडले होते. तिला कुणी असं सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. खडू पाटीवर इतका दाबला गेला की तुटला. पाटी तिने माझ्यापुढे धरली आणि मी वाचली, जशी वाचायला हवी तशी:

''माझ्या घरात? मला?''

''ताई, एवढ्या जोरात वाचायची गरज नाही,'' भाऊ आतून म्हणाला.

''ओळ त्याच ताकदीची आहे,'' मी म्हटलं.

वहिनी उठली, लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि लांबट खोलीत जाऊन भिंगाखाली ठेवला. भाऊ आधी लॅपटॉपकडे, मग तिच्याकडे बघतच राहिला. अकरा वर्षं विंगेत उभ्या असलेल्या बदली नटाला ऐनवेळी 'आज तू जा' म्हणावं, तसा त्याचा चेहरा झाला. त्याने काय करावं? जाऊन सदरा बदलून आला. हात दोनदा धुतले.

''काळजी करू नकोस. नव्या प्रोग्रामला कुठलंही कार्ड चालतं, तो असले नखरे करत नाही,'' तो म्हणाला. ''फक्त एक सांग. तुझे धडे दुसऱ्या कुठल्या जागी ठेवलेत ना?''

वहिनीने मान डोलावली आणि दोन बोटं दाखवली. दोन जागी.

''शाब्बास. अशी शिस्त पाहिजे.''

त्याने बॅटरी काढली. डिस्क काढली आणि धक्का लागू नये म्हणून धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून उशीवर ठेवली. मग चिमटा लावला. पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन. जुळलं. प्रत पाकिटात, पाकिटावर तारीख आणि मालकाच्या जागी 'अर्धांगिनी'. वहिनीने ते पाहून डोळे फिरवले. मग नवा प्रोग्राम लिहिला. दुपारी तीनला त्याने सगळं परत जोडलं, हात पुसले आणि आम्हा दोघींना बोलावून बटण दाबलं.

सुरुवातीला कंपनीचं नाव यायचं, तिथे आता उघड्या दारांच्या लिफ्टचं चित्र आलं. हे तो सगळ्यांच्या यंत्रांत घालतो. नव्या कार्डाबद्दल यंत्राने अवाक्षर काढलं नाही. वहिनीच्या चेहऱ्यावर मला हसू दिसलं, अगदी शपथेवर सांगते.

आणि मग एक ओळ आली, की सुरू करण्यासारखी डिस्क सापडत नाही.

भावाने डिस्क काढून परत बसवली. तीच ओळ. पुन्हा काढली, फुंकर मारली, बसवली. तीच ओळ. त्याने डिस्क आपल्या यंत्राला लावून पाहिली आणि पडद्यावर आलेल्या ओळी वाचल्या.

''मेली नाहीये,'' तो हळूच म्हणाला. ''डिस्कला कुलूप आहे. पण कुलूप कुणी लावलं?''

खडूचा आवाज आला. पाटीवर एकच शब्द होता: 'मी.'

''तू? का?''

वहिनीने खडू त्याच्या छातीवर रोखला.

''माझ्यासाठी?''

मग पाटी भरून मजकूर आला आणि मला तो वाचावा लागला. ''तुम्ही वन्संचा लॅपटॉप त्या झोपल्या असताना नेलात, त्याच दिवशी लावलं. कंपनीच्या पुस्तिकेत पान बेचाळीसवर दिलंय. बटण दाबलं की आधी शब्द विचारतं, तो दिल्याशिवाय डिस्क उघडत नाही.''

बिचारा! घरातल्या घरात, कपाटाचं दार लावून, आठ वर्षं ती रोज तो शब्द देत होती आणि याला पत्ता नव्हता. आज सकाळी यंत्र कार्डापाशीच अडून बसलं, त्यामुळे शब्द विचारायची पाळीच आली नव्हती. आणि याने काम केलं ते यंत्र बंद ठेवून, डिस्क उशीवर निजवून. दुसऱ्या कुणी एवढी काळजी घेतली नसती आणि त्याला कुलूप आधीच दिसलं असतं.

''बरं, शब्द दे. इथूनच उघडून बघू,'' तो म्हणाला.

वहिनीने त्याला भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि स्वतः शब्द टाइप केला. डिस्कने नकार दिला. पुन्हा टाइप केला. नकार. तेव्हा भाऊ भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, ''थांब. आता नको. कंपनी तुझा शब्द जसाच्या तसा देतच नाही डिस्कला. जुना प्रोग्राम तो आपल्या पद्धतीने मुरगाळून देतो. कसा मुरगाळतो ते कंपनीलाच ठाऊक.'' मग वळला. ''असू दे. धडे दुसरीकडे आहेत ना दोन जागी? कुठे आहेत?''

वहिनीने पाटी पुसली. लिहिलं. मी पाहिलं आणि माझ्याच्याने मोठ्याने वाचवेना.

''वाच ना, ताई.''

''एक 'इतिहास' नावाच्या फोल्डरमध्ये,'' मी वाचलं. ''आणि एक 'इतिहास दोन' नावाच्या फोल्डरमध्ये.''

दोन्ही त्याच डिस्कवर. भावाने खुर्ची ओढली आणि खाली बसला.

फोन नेमका तेव्हाच वाजायचा होता. अंध शाळेच्या मुख्याध्यापिका बोलत होत्या. गुरुवारी परीक्षा, एकोणीस मुलं धड्यांची वाट बघताहेत, आज मिळतील ना? मी फोनवर माझा सगळ्यात प्रसन्न आवाज लावला आणि सांगितलं, ''मिळतील म्हणजे काय, आज संध्याकाळी मी स्वतः घेऊन येते.'' फोन ठेवला आणि मग हिशेब केला. एकतीस धडे. वाचणारी समोर बसलेली, तिच्या घशात आवाज नाही, आणि आणखी सात दिवस असणार नाही.

वहिनी रडली वगैरे नाही. तिने पाटी मांडीवर पालथी घातली आणि हात त्यावर ठेवून बसून राहिली. अकरा वर्षांत ती नवऱ्याला पुष्कळ बोलली होती आणि त्याने ते सगळं पचवलं होतं. हे न बोलणं त्याला पचेना. मला वाटलं आता तो कंपनीला शिव्या घालेल, मुरगाळलेल्या शब्दावर भाषण देईल, लिफ्टमध्ये आणखी दोन माणसं भरेल. त्याने यातलं काही केलं नाही. उठला, खण उघडला आणि 'अर्धांगिनी' लिहिलेलं पाकीट बाहेर काढलं.

''ताई,'' तो म्हणाला, ''जुन्यालाच परत बसवायला हवं. तोच तो शब्द बरोबर मुरगाळेल.''

''मग बसव की.''

''आजवर कधी बसवलेला नाहीये मी.''

''अरे, चिप तीच, चिमटा तोच.''

''ते आहेच,'' तो म्हणाला, पण पाकीट हातातच धरून उभा राहिला. मी हसणार होते. हसले नाही. चार तास एका फटीला तोंड लावून बसलेला माणूस होता तो. आता स्वतःच्या हातांनी त्याला ती पेटी पुन्हा मोहोरबंद करायची होती.

मग बसला. स्क्रू काढले, या वेळी ते ट्रेमध्ये न ठेवता नुसते टेबलावर. चिमटा लावला, दात नीट बसेनात. काढला, लावला. पुन्हा काढला. तेव्हा वहिनी उठली, त्याच्या शेजारी गेली आणि भिंगाचा दिवा दोन बोटांनी थोडा खाली, त्याच्या बाजूला ओढून दिला. तेवढंच. चिमटा बसला.

तीस-पस्तीस मिनिटं लागली. नवं कार्ड काढून ठेवून त्याने बटण दाबलं. लिफ्ट गेली, कंपनीचं नाव आलं, आणि त्याखाली एक छोटं कुलूप आणि रिकामी चौकट.

''आला,'' भाऊ म्हणाला आणि कुणी न सांगता भिंतीकडे वळला.

वहिनीने शब्द टाइप केला. क्षणभर काळोख. मग तिच्या पडद्यावरचं नेहमीचं चित्र, त्यात 'इतिहास' आणि शेजारी 'इतिहास दोन'. माझा जीव भांड्यात पडला. भाऊ अजून भिंतीकडेच बघत होता. ''झालं का? वळू का?'' वहिनीने पाटी उचलली, 'वळा' असं लिहिलं, मग तो भिंतीकडे तोंड करून आहे हे लक्षात आल्यावर हाताने त्याचा खांदा धरून त्याला वळवलं.

एकतीसच्या एकतीस धडे त्याने तीन पेनड्राइव्हवर उतरवले. प्रत्येकातला पहिला, मधला आणि शेवटचा धडा लावून ऐकला. ते ऐकताना वहिनी स्वतःच्या आवाजाकडे अशी बघत होती, जशी गावाला गेलेल्या माणसाच्या फोटोकडे बघतात. सहाच्या बसने मी शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी विचारलं, काही अडचण नाही ना आली? मी म्हटलं, छे हो, बटण दाबलं आणि झालं. माझ्या कारकिर्दीतला तो शेवटचा अभिनय, आणि तो चांगला वठला.

परत आले तेव्हा लॅपटॉप बंद होऊन, सगळे स्क्रू जागच्या जागी बसून, इस्त्रीच्या टेबलावर परत गेला होता. जुन्या प्रोग्रामसकट. कार्डाशिवाय. भावाने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. ना त्या रात्री, ना दुसऱ्या दिवशी, ना पुढचा अख्खा आठवडा. नवं कार्ड त्याच्या टेबलावर एका खळग्यात पडून होतं. जाता-येता मला वाटायचं, आता बोलेल, आता म्हणेल की चूक कुलपाची होती. शिंपी बिजागरी घेऊन पुन्हा आला तर याने मुकाट्याने बिजागरी दुरुस्त करून दिली. शिंपी घाबरून माझ्याकडे आला, ''यांना बरं नाही का?''

घरात तेव्हा दोन माणसं मुकी होती. एक डॉक्टरांच्या सांगण्यावरून, दुसरा स्वतःहून. आणि बोलणारी मी एकटी, तीही एकीची वाक्यं वाचून दाखवण्यापुरती. वहिनी मात्र त्या दिवसांत नवऱ्याकडे चोरून बघायची. पाटीवर काहीतरी लिहायची आणि मला दाखवायच्या आधीच पुसून टाकायची.

वहिनीचं यंत्र आज नव्या प्रोग्रामवर चालतं, हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. ते काम नंतरच्या रविवारी झालं, सावकाश. 'अर्धांगिनी' पाकिटावर आता दोन तारखा आहेत. पण मला सांगायची आहे ती त्याच्या आदल्या दिवसाची सकाळ, म्हणजे अकराव्या दिवसाची.

डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळी घसा तपासून परवानगी दिली होती. आम्ही तिघं न्याहारीला बसलो होतो. पहिलं वाक्य कुठलं असेल यावर मी आणि शेजारच्या नर्सने पैजही लावली होती. माझा अंदाज होता, 'चिमटा' या शब्दाने सुरू होणारं काहीतरी. भाऊ मान खाली घालून पावाला लोणी लावत होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. वहिनी कपभर कोमट पाणी प्यायली, पाटी उचलून कपाटावर ठेवून आली, बसली आणि बोलली. आवाज बारीक होता, जरा खरखरीत, पण तिचाच.

''अहो, ते कुलूप मी काढून टाकलंय. आता तुम्हांला करायचं ते करा. कार्डही बसवा.''

अकरा वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं लोण्यापाशी येऊन पडलं. मला वाटलं हा उठून सदरा बदलायला पळणार. तो उठला नाही. त्याने सुरी खाली ठेवली, तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला, जणू आवाज त्याचाच गेला होता, आणि म्हणाला:

''कार्ड थांबेल गं. आधी तू बोल. पण दमादमाने, दहा दिवसांचं सगळं एकदम काढू नकोस.''